हृदयाची लय सावरणारे कॅथेटर

‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील विद्युतसंदेश विस्कळीत होऊन ठोके अनियमित पडतात. कप्प्यात रक्त साकळते आणि गुठळी मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. औषधांनी लय सावरत नसल्यास ‘कॅथेटर अ‍ॅब्लेशन’ केले जाते. जांघेतील शिरेतून लवचिक नळी हृदयात नेऊन दोषी पेशी निकामी करतात. हे संदेश बहुधा फुप्फुसशिरांमधून उठतात, हे फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल ऐसागेर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. या शिरांच्या मुखाभोवती व्रणाचे कडे करून संदेशांची वाट अडवणे हा तेव्हापासून उपचाराचा गाभा ठरला.

साधने मात्र बदलत गेली. रेडिओलहरींचा कॅथेटर उष्णतेने, तर क्रायोबलून अतिशीततेने पेशी नष्ट करतो. दोहोंत लगतची अन्ननलिका किंवा श्वासपटलाची नस दुखावण्याची भीती असते. नवे ‘पल्स्ड फील्ड’ कॅथेटर अत्यल्प काळाचे विद्युतस्पंद देऊन पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडतात. हृदयस्नायू या स्पंदांना अधिक संवेदनशील असल्याने शेजारच्या अवयवांना असलेला धोका कमी होतो. अमेरिकेत अशा कॅथेटरला डिसेंबर २०२३ मध्ये प्रथम मान्यता मिळाली.

साधन कोणतेही असो, विकार पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून ठोके नियमित झाले तरी रक्त पातळ ठेवणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना थांबवू नये.