कॅथलिक माध्यमिक शाळेतील धर्मजीवन (कोल्हापूर)

कॅथलिक धर्मसभेच्या अधिकाराखाली चालणाऱ्या माध्यमिक शाळेतील उपासना, धर्मशिक्षण, सेवाकार्य आणि सणवार या सगळ्यांना मिळून तिचे धर्मजीवन म्हणतात. सेंट झेवियर्स आणि होली क्रॉस कॉन्व्हेंट ही या परंपरेतली कोल्हापूरकरांच्या ओळखीची नावे. शहरात ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द कोणत्याही इंग्रजी माध्यमाच्या शाळेला सरसकट लावला जातो. मुळात त्याचा अर्थ धर्मभगिनींचा मठ. तसेच पाटीवर ‘सेंट’ असले म्हणजे शाळा कॅथलिक असतेच असे नाही. धर्मसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ८०३ प्रमाणे धर्माधिकाऱ्यांच्या संमतीवाचून कोणत्याही शाळेला स्वतःला कॅथलिक म्हणवून घेता येत नाही.

कोल्हापूर जिल्हा पूर्वी पुणे धर्मप्रांतात होता. तो धर्मप्रांत १८८६ मध्ये स्थापन झाला. ५ जुलै २००५ रोजी त्यातून सिंधुदुर्ग हा नवा धर्मप्रांत वेगळा काढण्यात आला आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी व कोल्हापूर हे जिल्हे त्याच्याकडे आले. त्याचे मुख्य मंदिर सावंतवाडीचे मिलाग्रिस, म्हणजे चमत्कारांच्या मातेचे चर्च. कोल्हापुरातली जुनी ख्रिस्ती वस्ती मात्र मुख्यतः प्रॉटेस्टंट आहे. रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने १८५२ मध्ये येथे काम सुरू केले. वाइल्डर मेमोरियल चर्च आणि इस्थर पॅटन हायस्कूल ही त्याच प्रवाहातली नावे. त्यामुळे कॅथलिक शाळेतल्या ख्रिस्ती मुलांचेही दोन गट पडतात. प्रॉटेस्टंट घरातले मूल बायबलवाचनात आणि नाताळगीतांत रमते, पण येशूची आई मारिया हिच्या जपमाळेला बसत नाही.

महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का आहेत आणि कॅथलिक त्याहून कमी. साहजिकच वर्गातली बहुतेक मुले हिंदू, मुस्लिम आणि जैन घरांतली असतात. या शाळांच्या धर्मजीवनाची रीत संख्येच्या या विषमतेतूनच घडली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. अनुच्छेद २८ (३) ने त्याला मर्यादा घातली : शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ख्रिस्ती शिक्षणावरील जाहीरनामा (२८ ऑक्टोबर १९६५) हाही शाळेत स्वातंत्र्याच्या आणि प्रेमाच्या भावनेने भारलेले वातावरण हवे असे सांगतो. भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत, परिपाठात राज्यघटनेची प्रास्ताविका म्हणावी, शक्य तेथे सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष ठेवावा, असे त्यांत म्हटले आहे. देशाच्या काही भागांत या शाळांकडे धर्मांतराच्या संशयाने पाहिले जाऊ लागले होते, ही त्यामागची उघड पार्श्वभूमी.

व्यवहारात याचे दोन पदर होतात. वेळापत्रकातल्या एकाच तासाला कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला दुसऱ्या खोलीत जातात आणि बाकीचा वर्ग मूल्यशिक्षणाला बसतो. धर्मशिक्षणात बायबल, साक्रामेंते (धर्मसंस्कार), प्रार्थना आणि संतचरित्रे येतात. मूल्यशिक्षणात खरेपणा, श्रम, मैत्री, व्यसन, मोबाइल. दहावीच्या वर्षी दोन्ही तासांवर गणिताचे अतिक्रमण होते, हा शिक्षकांच्या खोलीतला जुना विषय आहे. पहिला कम्युनियन, म्हणजे प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार, बहुधा प्राथमिक शाळेत असतानाच होतो. माध्यमिक वयात येते ते दृढीकरण. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी दिलेली वचने मूल आता स्वतःच्या तोंडाने देते आणि बिशप त्याच्या कपाळाला सुगंधी तेल लावतात. त्याची तयारी शाळेपेक्षा रविवारी धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायात, मिस्सा ही मुख्य उपासना आटोपल्यावर होते.

सर्वांसाठीचा रोजचा धार्मिक क्षण म्हणजे परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार हा क्रम महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेसारखाच. येथील प्रार्थना बहुधा अशी निवडतात की ती कोणत्याही घरच्या मुलाला म्हणता यावी. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या नावावर चालणारी शांतीची प्रार्थना म्हणूनच लोकप्रिय झाली. ती त्यांची नाही. १९१२ मध्ये पॅरिसच्या एका छोट्या नियतकालिकात ती प्रथम छापून आली. पण मुलांच्या ओठी ती त्यांच्याच नावाने बसली आहे.

या उपासनेची भाषा मिश्र आहे. कोल्हापूरच्या कॅथलिक घरांत गोव्याकडून आलेले कोंकणीभाषक, अहिल्यानगरकडचे (पूर्वीचे अहमदनगर) मराठीभाषक आणि नोकरीनिमित्त आलेले मल्याळी व तमिळ असे सगळेच भेटतात. शाळेत इंग्रजी चालते, घरी आपापली बोली, आणि रस्त्यावर अर्थातच कोल्हापुरी. धर्मव्यवहाराचे पुष्कळसे मराठी शब्द पोर्तुगीजांकडून आले : मिस्सा, पाद्री, क्रूस, फेस्त, नाताळ. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. जेझुइटांचे, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंचे, ‘निरोप्या’ हे मराठी मासिक १९०३ पासूनचे. वसईच्या ‘सुवार्ता’चे अनेक वर्षे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. इतकी परंपरा पाठीशी असताना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी उपासना मागे पडते, ही उणीव नोंदवण्याजोगी आहे.

शाळेचे वर्ष जूनमध्ये उघडते आणि धर्मसभेचे वर्ष आगमनकाळाने, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी सुरू होते. कोल्हापूरचे स्वतःचे वर्ष आणखी वेगळे : २६ जूनची शाहू जयंती, गणपती, अंबाबाईचे नवरात्र, चैत्रातली जोतिबाची यात्रा. शाळेच्या दिनदर्शिकेत या तिन्हींची सांगड घालावी लागते. २०२६-२७ या वर्षावरून ती कशी बसते ते पाहता येते.

वर्षारंभी पवित्र आत्म्याच्या आवाहनाची मिस्सा करण्याची जुनी रीत आहे. त्यानंतरचा एक मोठा संतसण ३१ जुलैचा, इग्नेशियस लोयोला यांचा. ते येशूसंघाचे, म्हणजे जेझुइटांचे संस्थापक. १५५६ मध्ये याच तारखेला वारले. कोल्हापुरात हे दिवस भर पावसाचे. २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे महापूर याच तारखेच्या आगेमागे आले होते, तेव्हा या सुमाराचा कोणताही कार्यक्रम नदी ठरवील त्याप्रमाणे पुढेमागे होतो. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिनाबरोबर मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण येतो. झेंडावंदन आणि मिस्सा एकाच सकाळी होत असल्याने कॅथलिक मुलांना पहाटे लवकर उठावे लागते.

मारियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला. त्याआधी ३० ऑगस्टपासून नऊ दिवसांची नोव्हेना चालते आणि लहान मुले रोज मूर्तीपुढे फुले वाहतात. गोवा, मुंबई आणि वसईकडे हा सण नव्या पिकाशी जोडलेला आहे. १४ सप्टेंबर हा पवित्र क्रूसाचा सण. शाळेचे नावच क्रूसावरून असेल तर तो तिचा नामसण ठरतो. २०२६ मध्ये याच तारखेला गणेश चतुर्थी असल्याने शाळेतला कार्यक्रम आधी किंवा नंतर घ्यावाच लागतो. धर्मसभेच्या पंचांगात याला आडकाठी नाही. मिस्सा त्या दिवशी चर्चमध्ये होते, भाषणे आणि नाच चार दिवसांनी झाले तरी चालतात.

ऑक्टोबर महिना जपमाळेचा. माळेत ५९ मणी असतात. त्यांतल्या ५३ मण्यांवर मारियेची वंदना आणि उरलेल्या सहांवर प्रभूची प्रार्थना म्हणतात. मधल्या सुट्टीत मोजकी मुले पुतळ्यापाशी जमून पाच दशके, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच गट, पुरी करतात; पलीकडे मैदानावर चेंडूचा आरडाओरडा चालूच असतो. २०२६ चे नवरात्र ११ ऑक्टोबरला बसते, म्हणजे शहरभर देवीचा जागर असताना ही माळही चालू राहील. १८ ऑक्टोबरला जागतिक मिशन रविवार आहे. पोप अकरावे पायस यांनी तो १९२६ मध्ये सुरू केला. २०२६ मध्ये त्याला शंभर वर्षे होतात. शाळांत त्यानिमित्त खाऊचे ठेले, जुन्या पुस्तकांची विक्री, खेळ असा छोटा बाजार भरतो आणि जमलेली रक्कम मिशनकार्याला जाते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आगमनकाळ सुरू होतो. २०२६ मध्ये २९ नोव्हेंबरला. जांभळ्या रंगाचा हा वाट पाहण्याचा काळ. हिरव्या चक्रावर चार मेणबत्त्या मांडून दर रविवारी एक वाढती पेटवतात. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा दिवस. ते ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले आणि १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. जुन्या गोव्यात त्यांच्या अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी होते. मागचे जानेवारी २०२५ मध्ये संपले. झेवियर नावाच्या शाळांत हा दिवस मिस्सा, सत्कार आणि क्रीडास्पर्धांचा असतो.

नाताळ मात्र साऱ्या शाळेचा. गव्हाणीचा देखावा हे त्याचे केंद्र. असिसीच्या फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेचो गावी तो प्रथम मांडला, असे परंपरा सांगते. कोल्हापुरातली मुले या कामात तरबेज असतात, कारण महिन्याभरापूर्वीच त्यांनी अंगणात दिवाळीचा किल्ला केलेला असतो. तीच लाल माती, तेच गोणपाट, तोच डोंगर. फक्त मावळ्यांच्या जागी मेंढपाळ येतात. गोठ्याच्या छपराला उसाचा पाला मिळतो, कारण गळिताचा हंगाम सुरू असतो. कोवळी हिरवळ हवी म्हणून ख्रिस्ती घरांत आठ-दहा दिवस आधी बशीत नाचणी किंवा गहू पेरतात. शेजारच्या बाकावरच्या मुलीने घटस्थापनेला तेच केलेले असते, त्यामुळे पाणी किती घालायचे हे तिला विचारले तरी चालते. बाळाची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही, हा नियम. शाळेला तेव्हा सुट्टी असल्याने कार्यक्रमापुरता तो बहुधा मोडतो.

जानेवारीअखेर दहावीचा निरोप समारंभ होतो. परीक्षेच्या आधीची आशीर्वादाची प्रार्थना कॅथलिक नसलेले पालकही सहसा चुकवत नाहीत. मग राखेचा बुधवार येतो. २०२७ मध्ये तो १० फेब्रुवारीला आहे. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेली सुकलेली पाने जाळून राख करतात, चाळतात आणि धर्मगुरू अंगठ्याने तिचा क्रूस कपाळावर काढतात. त्या सकाळी वर्गात काळा क्रूस, कुंकवाची टिकली आणि अष्टगंध शेजारी शेजारी बसलेले दिसतात. घाम आला की क्रूस ओघळतो. तो पुसायचा नसतो.

तेथून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने क्रमाने म्हणतात. गोडधोड, मांस किंवा खाऊचे पैसे सोडून वाचलेली रक्कम गरजूंसाठी डब्यात जाते. राज्य मंडळाची दहावीची परीक्षाही नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्येच असते. धर्मसभेचा कडक उपवास अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनाच बंधनकारक आहे, तरी पेपरच्या दिवशी उपाशी जाणारी मुले निघतातच आणि घरचे त्यांना रागावतात.

ईस्टरची तारीख विषुवदिनानंतरच्या पौर्णिमेवरून ठरते. २१ मार्च धरून पुढची पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. म्हणून तो चंद्रावर चालणाऱ्या आपल्या सणांच्या आसपास घोटाळतो. २०२६ मध्ये पवित्र गुरुवार आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, २ एप्रिलला आली. २०२७ मध्ये मधल्या अधिक महिन्यामुळे मराठी महिने पुढे सरकले आहेत, तेव्हा पवित्र आठवडा होळी पौर्णिमेच्या दिवसांत येतो : झावळ्यांचा रविवार २१ मार्च, गुड फ्रायडे २६ मार्च आणि ईस्टर २८ मार्च. एकीकडे रंगांची गडबड असताना दुसरीकडे चर्चमधल्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकलेल्या असतात.

सणांपलीकडचे धर्मजीवन छोट्या गटांतून चालते. वेदीसेवक मिस्सेच्या वेळी धर्मगुरूंना मदत करतात. १९२१ मध्ये डब्लिनला सुरू झालेली लीजन ऑफ मेरी काही ठिकाणी मुलांचेही गट चालवते. वायसीएस ही विद्यार्थिसंघटना ‘पाहा, पारखा, करा’ या बेल्जियन धर्मगुरू कार्डाइन यांच्या पद्धतीवर उभी आहे. वर्गातला एखादा खरा प्रश्न, जसे डबा न आणणारी मुले, समोर ठेवून त्याची कारणे शोधायची आणि काहीतरी करायचे. वृद्धाश्रमाला भेट, मूठभर धान्य गोळा करणे, कपड्यांचे वाटप या सेवाकार्यात सर्व धर्मांची मुले असतात आणि शाळेच्या धर्मजीवनाचा हाच भाग पालकांना सर्वांत सहज पटतो. अलीकडे मुलांमध्ये कार्लो अक्युतिस यांचे नाव ऐकू येते. पंधराव्या वर्षी वारलेला, संगणकात रमणारा हा इटालियन मुलगा ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झाला.

मे महिना मारियेचा, पण तेव्हा शाळा बंद असते. माळ आणि नोव्हेना घरी किंवा धर्मग्रामात होतात आणि पुष्कळ कुटुंबे गोवा-सावंतवाडीकडे गेलेली असतात. पुढच्या शैक्षणिक वर्षातला मोठा आंतरराष्ट्रीय प्रसंग म्हणजे सोल येथे ३ ते ८ ऑगस्ट २०२७ या काळात भरणारा जागतिक युवा दिन.