पुणे ते कोकण किनारा : कार काढण्याआधी फेरीबोटीची वेळ का पाहावी?

पुण्याहून स्वतःच्या कारने निघून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी गाठायची, असा प्लॅन अनेक जण करतात. नकाशावर हा रस्ता सलग दिसतो. प्रत्यक्षात मात्र तो खाड्यांमुळे तुटतो.

कसं जायचं?
मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव आणि म्हसळामार्गे आधी श्रीवर्धन, मग हरिहरेश्वर. तिथून दक्षिणेकडे जाताना कारसह फेरीबोटीने तीन खाड्या ओलांडता येतात :

• बाणकोट खाडी (सावित्री नदी) : बागमांडला ते वेसवी
• दाभोळ खाडी (वाशिष्ठी नदी) : दाभोळ ते धोपावे
• जयगड खाडी (शास्त्री नदी) : तवसाळ ते जयगड

बोट चुकली तर?
दाभोळहून धोपावे समोरच दिसतं. पण रस्त्याने जायचं तर चिपळूणपर्यंत वळसा पडतो आणि काही मिनिटांचं अंतर काही तासांचं होतं. अंधारात, अनोळखी वळणांवर हा वळसा नको असेल, तर शेवटच्या बोटीची वेळ त्याच दिवशी विचारून घ्या आणि मुक्काम त्यानुसार ठरवा.

पावसाळ्यात काय?
खराब हवामानात बोटी बंद राहू शकतात. दरड कोसळल्यास घाटही बंद होतो.

वाळूत कार नेऊ नका
ओल्या वाळूत चाकं रुततात. भरती सुरू झाली की कार बाहेर काढायला वेळ उरत नाही.

परतताना रत्नागिरीहून आंबा घाट, कोल्हापूरमार्गे पुणे गाठता येतं. या वाटेवर फेरीबोट लागत नाही.