पाऊस, कापूस आणि मडके

द्यूताचा छंद मनुष्याला फार जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फाशांपायी घरादारास मुकलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. धर्मराजाने पटावर काय लावले, हे तर सांगावयास नको. परंतु सामान्य माणूस जुगाराकडे का वळतो, हे जाणण्यासाठी इतके दूर जावयास नको. मुंबई शहराचा अलीकडचा इतिहास त्यास पुरेसा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पावसावर पैजा लागत. ठरलेल्या वेळात ठरावीक पाऊस पडेल की नाही, एवढाच प्रश्न. १८८७ च्या जुगार-प्रतिबंधक कायद्यात हा प्रकार बसेना, म्हणून १८९० मध्ये त्यात दुरुस्ती करावी लागली. पुढे पावसाची जागा कापसाने घेतली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद भावांचे आकडे तारायंत्राने मुंबईस येत आणि त्यांवर पैसे लागत. ज्याने आयुष्यात कपाशीचे बोंड पाहिले नाही, तोही या आकड्यांची वाट पाहत बसे.

१९६१ च्या सुमारास हे आकडे येणे थांबले. पण खेळ थांबला नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीस, आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे, आकडा येथेच काढण्यास आरंभ केला. चिठ्ठ्या मडक्यात घालून आकडा काढीत, त्यावरून ‘मटका’ हे नाव रूढ झाले. पुढे मडके गेले आणि पत्त्यांची पाने आली. नाव मात्र राहिले.

वरळी, परळ, लालबाग हा गिरण्यांचा भाग. पगार ठरलेला, बिऱ्हाड एका खोलीचे, गावाकडे मनिऑर्डर पाठवावयाची, आणि सावकाराचे व्याज डोक्यावर. बचतीने हे कर्ज फिटण्यास वर्षे लागणार. आकडा लागला तर ते एका रात्रीत फिटणार. शिवाय एका रुपयानेही खेळता येई. दहांपैकी एक आकडा लागावयाचा आणि रुपयास नऊ रुपये मिळावयाचे. म्हणजे दीर्घकाळ खेळणारा हरणार, हे साध्या गणितानेच ठरलेले होते. परंतु खेळणारा दीर्घकाळाचा हिशेब करीत नाही. तो संध्याकाळपर्यंतची आशा विकत घेतो.

हे केवळ गरिबांचे व्यसन मानणे चूक होईल. महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यांवरील पैजेस कायद्याची मुभा होती, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वतःचीच लॉटरी सुरू केली. ब्रिटनमध्ये २०१० साली झालेल्या पाहणीत सोळा वर्षांवरील ७३ टक्के लोकांनी वर्षभरात कोणता ना कोणता जुगार खेळल्याचे आढळले. कारणांत मोठी रक्कम मिळण्याची आशा सर्वांत पुढे होती, त्याखालोखाल मौज. लालबागच्या कामगाराचे उत्तर याहून निराळे नव्हते. फरक होता तो हरण्याच्या किमतीत. एकाची मौजेची रक्कम जाई, दुसऱ्याच्या घरचे रेशन.

१९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि मटक्याचा जुना आधारही तुटला. तरी आकड्याची ओढ शहरातून नाहीशी झाली नाही. कायदा अड्डा बंद करू शकतो. परंतु अड्ड्याकडे नेणारे कर्ज घरात तसेच राहिले, तर माणूस दुसरा अड्डा शोधतो, हीच या इतिहासाची शिकवण होय.