पाठीचा कणा आणि मनाचा कणा

इतिहास म्हटला की लढाया आणि तह एवढेच आमच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. लढाईत जायबंदी झालेल्यांचे पुढे काय झाले, हे आम्ही क्वचितच विचारतो. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू तुटला म्हणजे जखमेखालचे अंग लुळे पडते, स्पर्शही कळेनासा होतो. पहिल्या महायुद्धातील अशा जखमींपैकी बहुतेक जण शय्याव्रणांनी किंवा मूत्रमार्गाच्या जंतुदोषाने थोड्याच काळात दगावले.

ही स्थिती ज्यांनी पालटली, ते डॉ. लुडविग गुटमन स्वतःच देशोधडीला लागलेले गृहस्थ होते. ब्रेस्लाऊचे हे ज्यू वैद्य नाझींच्या छळामुळे १९३९ साली इंग्लंडात आले. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल येथील इस्पितळात मज्जारज्जूच्या जखमींसाठी विभाग उघडला व त्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. रोग्याची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदललीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

देह असा वाचला. पण ऐन तारुण्यात ‘आपण कुणाच्याच कामाचे उरलो नाही’ या विचाराने खचलेल्या सैनिकाला औषध कोणते द्यावे? गुटमन यांनी खेळ दिला. धनुष्य ओढताना दंड आणि खांदे बळावतात, बसल्या जागी तोल सावरता येऊ लागतो. शिवाय खुर्चीतला तिरंदाज उभ्या तिरंदाजाशी बरोबरीने झुंजू शकतो. आपल्याला कुणी सवलत दिलेली नाही, हे कळून मिळवलेला विजय मनाला जी उभारी देतो, ती सांत्वनाच्या शब्दांत कोठून येणार?

२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, तेथे सोळा जखमी स्त्रीपुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. १९५२ साली हॉलंडचा संघ आला. १९६० साली रोममध्ये तेवीस देशांचे सुमारे चारशे खेळाडू जमले.

या परंपरेत आमच्या सांगली जिल्ह्याचेही नाव आहे. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी!

अशा वीराचा गौरव आम्ही करतो, ते योग्यच आहे. परंतु आमच्या गावच्या तालमीत, पोहण्याच्या तलावावर चाकाची खुर्ची आत जाईल अशी वाट आहे काय, हेही प्रत्येकाने एकदा जाऊन पाहावे.