दाभोळची फेरीबोट, साल 2003

पाकिटातल्या नोटा आधी तपासा. 2016 नंतरची राखाडी पाचशेची इथं कुणी घेणार नाही. 2003 चा डिसेंबर आहे आणि तुम्ही दाभोळच्या धक्क्यावर रांगेत आहात. गाडीवरचं एमएच 15 वाचून तिकीटवाला म्हणतो, "नाशिकची काय? बरेच लांबून आलात. घ्या पुढे."

नदी ओलांडायला थांबायचं ही सवय तुम्हाला नाही. गोदावरीवरचा व्हिक्टोरिया पूल, म्हणजे आजचा अहिल्यादेवी होळकर पूल, 1895 सालचा. इथं वाशिष्ठी समुद्राला मिळते आणि पूल नाही. पलीकडचं धोपावे डोळ्यांना दिसतं, पण गाडीनं गुहागर गाठायचं तर खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरहून मोठा वळसा. आजवर माणसं लाँचनं पलीकडे जात, गाडी अलीकडेच राही. याच वर्षी डॉ. चंद्रकांत मोकल यांच्या सुवर्णदुर्ग शिपिंगनं मोटारी नेणारी बोट सुरू केली. गोव्यात मांडवीवर हे रोजचंच. इकडे अजून अप्रूप आहे.

बोट धक्क्याला लागते. तोंडाची लोखंडी फळी खणखणत उताराच्या काँक्रीटवर टेकते. भरती असली तर चढणं सोपं. सुकतीला पाणी खाली जातं, फळीचा कोन बदलतो आणि बुटक्या गाडीचं पोट घासतं. तुमच्या नशिबी सुकती आहे. खलाशी गाडीकडे पाहतच नाही, त्याची नजर तुमच्या पुढच्या चाकांवर. "सरळ... सरळ... डावीकडे थोडी... बस्स!" शेजारच्या टेम्पोत आणि तुमच्यात दार जेमतेम उघडेल एवढी जागा. वजन दोन्ही बाजूंना सारखं पडायला हवं, म्हणून कुठं उभं राहायचं ते तोच ठरवतो. त्याच्याशी वाद घालू नका. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, खाली उतरा. मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं, मोटारसायकली मागून शिरतात. पाटीवाली मावशी आधी गाडीला आणि मग तुम्हाला निरखते. "पोरा, सरक जरा."

पाच-दहा मिनिटांचा प्रवास. तेवढ्यात दोन्ही काठ पाहून घ्या. मागे राहिली ती विजापुरी धाटणीची मशीद सतराव्या शतकातली. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी याच बंदरातून परतीच्या वाटेला लागला. तेव्हा इथं परदेशी घोडे उतरत. म्हणजे जहाजातून वाहन उतरवणं दाभोळला नवं नाही. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांच्या अल्मेदानं हे शहर जाळलं.

समोरच्या किनाऱ्यावर एन्रॉनचा वीजप्रकल्प. नाव दाभोळचं, जागा गुहागर तालुक्यातली. आणि 2001 पासून बंद. एवढ्या गाजावाजानं आलेली वीज थांबली आहे, आणि ही साधी बोट मात्र दिवसभर ये-जा करते आहे. माझं मत विचाराल तर या खाडीचं खरं भलं बोटीनंच केलं.

धोपावे आलं. इंजिनांचा आवाज एकदम वाढतो, फळी पडते, आणि खलाशी पुढच्या रांगेतल्या गाड्यांना हात करायला लागतो.

परत आपल्या काळात याल तेव्हा वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, तवसाळ-जयगड इथंही अशाच बोटी दिसतील; 2024 पासून वसई-भाईंदरलाही. सागरी महामार्गाचे पूल होतील तेव्हा होतील. त्याआधी एकदा गाडी बोटीवर चढवून या, आणि जमलं तर सुकतीलाच.