‘डीआयसी’ची कुळकथा

अतिदक्षता विभागात काही रुग्णांच्या सुई टोचलेल्या जागा, हिरड्या आणि जखमा एकदमच वाहू लागतात. त्याच वेळी मूत्रपिंड, फुप्फुस आणि बोटांच्या टोकांतल्या बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजत असतात. या अवस्थेला ‘डिसेमिनेटेड इंट्राव्हॅस्क्युलर कोॲग्युलेशन’, म्हणजे सर्वदूर रक्तवाहिन्यांच्या आत रक्त साकळणे, असे म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी ते ‘डीआयसी’. हा आजार स्वतंत्रपणे येत नाही. सेप्सिस, मोठा अपघात, प्रसूतीतली गुंतागुंत, रक्ताचा कर्करोग अशा दुखण्यांच्या मागून तो येतो.

नाव मिळण्याच्या कितीतरी आधी त्याची लक्षणे दिसली होती. 1834 मध्ये फ्रान्समध्ये द्युप्वी यांनी प्राण्यांच्या शिरेत मेंदूचा अंश टोचला. प्राणी तत्काळ मेले आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या सापडल्या. 1886 च्या सुमारास इंग्लंडमध्ये वुल्ड्रिज यांनी ऊतींचा अर्क हळूहळू टोचून पाहिला, तेव्हा रक्त साकळेनासेच झाले. पदार्थ तसाच, परिणाम मात्र उलटा. या प्रयोगातच पुढच्या सगळ्या उलगड्याचे बीज होते. 1901 मध्ये शिकागोचे प्रसूतितज्ज्ञ जोसेफ डिली यांनी वार वेळेआधी सुटलेल्या स्त्रीच्या न थांबणाऱ्या रक्तस्रावाचे वर्णन केले. जन्मजात हिमोफिलियासारखी, पण ऐनवेळी उद्भवलेली ही अवस्था होती.

उलगडा असा: इजा झालेल्या ऊतींतून किंवा जंतुदोषाने चेतवलेल्या पेशींतून ‘टिश्यू फॅक्टर’ रक्तात उतरतो आणि रक्त साकळवणारे थ्रॉम्बिन बेसुमार तयार होते. गुठळ्या बांधण्यात प्लेटलेट्स, फायब्रिनोजेन आणि साकळण्याचे इतर घटक खर्ची पडतात. यकृत आणि अस्थिमज्जा ही तूट भरून काढू शकत नाहीत. मग जिथे गुठळी खरोखर हवी, तिथे ती बांधायला काही उरत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कल्पना पक्की झाली. 1965 मध्ये डोनाल्ड मॅके यांनी याच नावाचा ग्रंथ लिहिला. हा रोग नसून अनेक रोगांच्या वाटेतला एक टप्पा आहे, हे त्यांचे म्हणणे आजही टिकून आहे, आणि ते सर्वांत मोलाचे आहे.

घोणस चावल्यावरही याच जातीची तूट येते, फक्त तिथे विषच साकळण्याचे घटक थेट चेतवते. म्हणून ग्रामीण रुग्णालयात कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ते 20 मिनिटांत साकळते का, हे पाहतात.

मूळ साकळण्यात आहे म्हटल्यावर रक्तस्राव होणाऱ्या रुग्णालाही साकळणे रोखणारे हेपारिन देण्याचे धाडस झाले. पुढे ते मागे पडले. 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने डीआयसीच्या निदानासाठी गुणपद्धती ठरवली. प्लेटलेट्स, प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त साकळायला लागणारा वेळ), फायब्रिनोजेन आणि डी-डायमरसारखी गुठळ्या विरघळल्याची खूण यांचे गुण 5 किंवा अधिक भरले, तर निदान पक्के. त्याच वर्षी तीव्र सेप्सिससाठी ‘ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी’ या साकळणे रोखणाऱ्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. नव्या चाचणीत मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, तेव्हा 2011 मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले. आजचा उपचार मूळ दुखण्यावरच चालतो: जंतुदोषाला प्रतिजैविके, पू असेल तर निचरा, वार सुटली असेल तर प्रसूती. प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स रक्तस्राव होत असेल किंवा शस्त्रक्रिया करायची असेल तर प्रामुख्याने देतात. नुसता अहवालातला आकडा सुधारण्यासाठी नव्हे.