खरेदीचे माप आणि वेचणीचा हिशेब

सरकार जेव्हा बाजारात खरेदीदार म्हणून उतरते तेव्हा त्याच्या खरेदीचे मोल कशावरून ठरवायचे? वरवर पाहता हा प्रश्न हिशेबतपासनिसाचा आहे. परंतु कोणती गोष्ट मोजायची आणि कोणती सोडून द्यायची, हे ठरवणारा हात नेहमी सत्तेचाच असतो. म्हणून हा प्रश्न समाजरचनेचाही आहे. वऱ्हाडाच्या कापसाचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचला पाहिजे.

धामणगाव रेल्वे हे गावाचे नावच या इतिहासाचा दाखला आहे. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साम्राज्याची नजर वळली. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. बडनेरा आणि पुलगाव यांच्या दरम्यानचे धामणगाव स्टेशन यवतमाळकडच्या कापसाचे नाके बनले. सुमारे 45 किलोमीटरच्या सडकेने बैलगाड्या येत, जिनात रुई आणि सरकी वेगळी होई, प्रेसमध्ये गाठ बांधली जाई आणि ती मुंबईच्या वाटेला लागे. 1866 मध्ये सरकारने मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी खास कापूस आयुक्त नेमला, रिव्हेट-कार्नॅक हे त्याचे नाव. वऱ्हाडातील सरकारी कामाचे पहिले माप असे ठरले : किती एकर पेरा, किती गाठी रवाना. या मापाने पाहिले तर वऱ्हाड भरभराटीला आले होते. त्याच भरभराटीच्या वऱ्हाडात 1899-1900 च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मेली. गाठींच्या आकड्यात ती माणसे कोठेच नव्हती.

दुसरे माप बाजाराच्या शिस्तीचे. हत्त्याखाली बोटे दाबून होणारा सौदा, मापाऱ्याची हातचलाखी, कटती आणि धर्मादाय यांत कापूस विकणारा नागवला जात असे. 1886 मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. देशातील बाजार समित्यांचा उगम येथे सांगितला जातो, आणि ते खरे आहे. मात्र त्या समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचेच होते. पुढे 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयीच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक असण्याची सक्ती केली. गाठ कोणत्या प्रेसमधून निघाली हे लिव्हरपूलला कळावे, याची एवढी काळजी! ज्या बाईने ती पऱ्हाटी निंदली आणि वेचली तिची नोंद ठेवण्याची गरज मात्र कोणत्याही कायद्याला वाटली नाही. तराजू खरा झाला, पण त्यात फक्त कापूस घातला गेला. श्रम तराजूबाहेर राहिले.

तिसरे माप आपल्या स्वतःच्या राज्याचे आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने 1971 मध्ये कच्च्या कापसाची खरेदी, प्रक्रिया व विक्री यांविषयीचा कायदा केला आणि 1972-73 च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. राज्यातला कापूस सरकारच्या वतीने पणन महासंघानेच घ्यायचा, खासगी व्यापाऱ्याने नाही. 1984 पासून हे काम कापूस उत्पादकांच्या स्वतंत्र पणन महासंघाकडे गेले. हमीभावाने खरेदी करायची, नफा उरला तर 75 टक्के कापूस विकणाऱ्यांना वाढीव भाव म्हणून द्यायचा, 25 टक्के भाव चढउतार निधीत टाकायचा आणि विकणाऱ्याच्या पैशातून 3 टक्के भांडवल उभारणीसाठी कापायचे, अशी तिची रचना होती. अडत्याच्या दारात लाचार होऊन उभा राहणारा माणूस आता सरकारी केंद्रावर हक्काने गाडी उभी करू शकत होता. हे पाऊल मोठे होते, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही.

या योजनेचे मोजमाप कसे झाले? दोन आकड्यांनी. किती क्विंटल खरेदी झाली, आणि महासंघाला किती तोटा आला. हे दोन्ही आकडे फसवे होते. बाहेरच्या राज्यात भाव चढला की महाराष्ट्राचा कापूस चोरवाटेने सीमेपार जाई. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रावर येई. म्हणजे खरेदी घटली तरी शेतकऱ्याचे भलेच झालेले असू शकत होते, आणि खरेदी वाढली तरी तो व्यापाऱ्याचा फायदा असू शकत होता. ग्रेडरने प्रत न्यायाने लावली की ओळखीपाळखीने, चुकारा किती दिवसांनी हाती पडला, तेवढ्या दिवसांत सावकाराचे व्याज किती चढले, यांचा रकाना ताळेबंदात नव्हता. उलट सरकारी खरेदीदार उभा आहे म्हणून खासगी व्यापाऱ्याला भाव पाडता आला नाही, याचे मोलही कोणी मांडले नाही. जे मांडलेच नाही ते शून्य धरले जाते. तोटा तेवढा कागदावर राहिला आणि त्याच कागदाच्या आधारे 2002 नंतर एकाधिकार मोडीत निघाला. 2005 मध्ये आगाऊ बोनसही बंद झाला. त्या वर्षांत विदर्भातील कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांनी देश हादरला होता.

परंतु आपला प्रश्न एवढ्याने संपत नाही. योजना चांगली चालली त्या वर्षांतही तिचा लाभ कोणाच्या दारी गेला? ज्याच्या नावावर सात-बारा त्याच्या नावावर माप, ज्याच्या नावावर माप त्याच्या नावावर चुकारा आणि वाढीव भाव. बटाईने करणारा, सालदार, रोजाने निंदणाऱ्या आणि किलोवर वेचणाऱ्या बाया यांना नफ्याच्या त्या 75 टक्क्यांत एक पैचाही वाटा नव्हता. वऱ्हाडातल्या वेचणाऱ्या हातांत बौद्ध, मातंग, आदिवासी आणि भूमिहीन स्त्रियांचे हात किती आहेत, हे कोणत्याही गावात थंडीच्या सकाळी पाहावे. हमीभाव ठरवताना मजुरीचा खर्च धरला जातो. म्हणजे वेचणाऱ्या बाईची मजुरी सरकार भावातून देते. ती तिच्यापर्यंत पोचली की नाही, हे मात्र सरकार विचारत नाही. ज्या 1972 च्या दुष्काळी वर्षात कापसाला हमी मिळाली त्याच वर्षी राज्यात रोजगार हमीची कामेही उभी राहिली. मालाच्या हमीचा आणि श्रमाच्या हमीचा हिशेब मात्र दोन वेगळ्या वह्यांत राहिला. त्या वह्या कधी शेजारी ठेवून वाचल्याच गेल्या नाहीत.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1942 मध्ये केलेल्या एका मोजणीची आठवण ठेवली पाहिजे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांची गाऱ्हाणी सादर करताना त्यांनी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कंत्राटदारांचा आकडा पुढे ठेवला : 1171 कंत्राटदारांत अस्पृश्य समाजातील फक्त एक. त्या वेळी ते मजूर मंत्री होते आणि ते खाते त्यांच्याच अखत्यारीत होते. काम स्वस्तात झाले का, वेळेत झाले का, एवढेच विचारून ते थांबले नाहीत. सार्वजनिक पैसा कोणाच्या हाती गेला, हा प्रश्न त्यांनी विचारला. खरेदी करणाऱ्या खात्याचे मोल मोजण्याची ही वेगळीच रीत होती. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर त्यांनी शेती हाच राज्याचा उद्योग असावा आणि जमीनदार, कूळ, भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत, अशी मांडणी केली. एकाधिकार खरेदीने फक्त विक्री सरकारी केली. जमिनीची मालकी जिथल्या तिथे राहिली.

बाबासाहेबांचा तो प्रश्न जगाने पुढे स्वीकारला. अमेरिकेने 1977 च्या कायद्याने सार्वजनिक बांधकामांच्या निधीतील 10 टक्के हिस्सा अल्पसंख्याकांच्या व्यवसायांसाठी ठेवला. दक्षिण आफ्रिकेने 2000 मध्ये प्राधान्य खरेदीचा कायदा केला. भारत सरकारच्या 2012 च्या आदेशाने केंद्रीय खात्यांनी व सार्वजनिक उद्योगांनी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करावी असे ठरले. प्रत्यक्ष खरेदी मात्र त्या 4 टक्क्यांच्या खूपच खाली राहिली. तरीही हा रकाना अस्तित्वात आहे म्हणून तर तूट दिसते. न मोजलेला अन्याय सिद्ध करता येत नाही, आणि हेच मोजमापाचे राजकारण आहे.

आज भारतीय कापूस महामंडळ आधारभूत भावाने खरेदी करते आणि पुन्हा गाठींचेच आकडे छापून येतात. सरकारी खरेदीच नको, म्हणजे तोटाच नको, असे म्हणणाऱ्यांच्या मागे आपण जाऊ नये. सरकारी खरेदीदाराला निदान जाब विचारता येतो, अडत्याला तो विचारता येत नाही. मागणी अशी हवी की प्रत्येक खरेदी केंद्राच्या वार्षिक अहवालात आणखी चार रकाने असावेत : चुकारा किती दिवसांत झाला, विकणाऱ्यांत अल्पभूधारक आणि बटाईदार किती, त्या हंगामात परिसरात वेचणीचा दर काय होता, आणि बारदाना, वाहतूक, हमाली, जिनिंग यांची कंत्राटे कोणत्या समाजाकडे गेली. ही माहिती गोळा करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी एका हंगामात एका केंद्रापुरती ती गोळा केली तरी सुरुवात होईल. शंभर-सव्वाशे वर्षे गाठीवर क्रमांक पडत आला आहे. आता वेचणाऱ्या बाईचा रकाना त्याच वहीत उघडला पाहिजे, आणि तो उघडेपर्यंत कोणताही ताळेबंद पुरा झाला असे आपण मानता कामा नये.